जुन्या गाडीतील हेडलाइटचा स्विच बदलताना : किनारपट्टीवरील नवख्यांसाठी

अ‍ॅम्बॅसॅडरच्या पिढीतल्या गाडीत हेडलाइटचा स्विच नुसता इशारा देण्याचे काम करत नाही. दोन्ही दिव्यांना लागणारा सगळा प्रवाह बॅटरीकडून निघून त्याच्याच पोटातून पुढे जातो. ५५ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे नऊ अँपिअर प्रवाह घेतात, आणि पार्किंगचे दिवे, मागचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा व मीटरमधले बारीक बल्ब धरले तर हा आकडा अकराच्या आसपास जातो. एवढा प्रवाह आत पितळेच्या किंवा तांब्याच्या लहानशा तुकड्यांच्या स्पर्शातून वाहतो. तो स्पर्श स्वच्छ आणि घट्ट असेपर्यंत स्विच थंड राहतो. त्यावर हिरवा कळंक चढला की तिथेच व्होल्टेज अडू लागते, आणि दहा अँपिअर प्रवाह चालू असताना एक व्होल्ट जरी अडला, तरी त्या बंद डबीत दहा वॅटची उष्णता सतत तयार होत राहते. उष्णतेने आतली स्प्रिंग मऊ पडते, स्प्रिंग मऊ पडली की स्पर्श आणखी सैल होतो, आणि शेवटी बेकेलाइट (स्विचचे जुन्या पद्धतीचे कडक प्लॅस्टिक) करपल्याचा वास गाडीत येतो.

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही गाडी ठेवा, खारी हवा तिला गाठतेच. शिवाय इथल्या बऱ्याच जुन्या गाड्या वर्षातले कित्येक महिने पडवीत किंवा मांगरात उभ्या असतात आणि घरची मंडळी मुंबईहून गणपतीला किंवा शिमग्याला आली की तेवढ्यापुरत्या बाहेर निघतात. रोज वापरातल्या स्विचचे स्पर्शबिंदू घासून आपोआप थोडेफार साफ राहतात. उभ्या गाडीत ती सोय नसते. म्हणूनच इथे स्विच बिघडणे नवलाचे नाही. मात्र स्विच बिघडल्याचा नुसता भास होणे त्याहूनही अधिक आढळते, कारण जो कळंक स्विचमध्ये चढतो तोच अर्थिंगच्या (परतीचा प्रवाह गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे नेणाऱ्या जोडणीच्या) बोल्टवर, बल्बच्या सॉकेटवर आणि वायरच्या टोकांवरही चढलेला असतो. तेव्हा नवा स्विच मागवण्याआधी दोष खरोखर स्विचचाच आहे हे मोजून सिद्ध करावे, असा माझा आग्रह आहे.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

लक्षणांवरून बराच उलगडा होतो. एकाच बाजूचा हेडलाइट लागत नसेल तर स्विच निर्दोष समजावा, कारण तो दोन्ही दिव्यांना एकाच टोकातून प्रवाह देतो. अशा वेळी त्या बाजूचा बल्ब, सॉकेट किंवा अर्थिंग तपासावे. अप्पर (लांबचा झोत) लागतो पण डिपर (जवळचा झोत) दोन्ही बाजूंना लागत नाही, किंवा याच्या उलट होत असेल, तर संशय या दोन झोतांत अदलाबदल करणाऱ्या डिपर स्विचवर घ्यावा. बऱ्याच अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये हा स्विच क्लचजवळ पायाखाली असतो, आणि पावसाळ्यात ओल्या चपलांचे पाणी नेमके त्यावरच पडते. पार्किंगचे दिवे नीट लागतात पण हेडलाइट अप्पर-डिपर दोन्हींत बंद आहेत, किंवा डॅशबोर्डवरच्या स्विचची मूठ किंचित हलवली की येतात आणि खड्ड्यात गाडी आदळली की जातात, तर मुख्य स्विचकडे लक्ष द्यावे. सगळेच दिवे गेले असतील तर स्विचपर्यंत येणारी बॅटरीची वायर तुटलेली किंवा सैल असण्याची शक्यता अधिक असते. आणखी एक खूण सांगण्यासारखी आहे. हेडलाइट लावल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटर किंवा पार्किंगचा दिवा विचित्र मंद पेटत असेल, तर अर्थिंग खराब झाल्यामुळे परतीचा प्रवाह दुसऱ्या बल्बच्या तारेतून वाट काढतो आहे असे समजावे, आणि स्विचला हात लावू नये.

दिवे लागतात पण पिवळट आणि मंद, ही सर्वांत फसवी तक्रार आहे. तिच्यासाठी व्होल्टेज मोजणारा मल्टीमीटर हवा. तो तालुक्याच्या कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि या कामाला स्वस्तातला पुरतो. मीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवून हेडलाइट चालू करावा. ही तपासणी दिवा पेटलेला असतानाच करायची असते, कारण प्रवाह वाहत नसेल तर खराब जोडावरही व्होल्टेज पूर्ण दिसते आणि नवखा माणूस तिथेच फसतो. प्रथम मीटरची एक सळई बॅटरीच्या अर्थच्या खांबाला आणि दुसरी हेडलाइटच्या सॉकेटमधल्या अर्थच्या टोकाला लावावी. इथे ०.२ व्होल्टपेक्षा अधिक दिसले तर अर्थिंगचा बोल्ट काढून, रंग व गंज खरवडून, चकचकीत पत्र्यावर दातेरी वॉशरसह पुन्हा आवळावा. पुष्कळदा काम इथेच संपते. त्यानंतर डॅशबोर्डखाली हात घालून एक सळई स्विचमध्ये येणाऱ्या वायरच्या टोकाला आणि दुसरी हेडलाइटकडे जाणाऱ्या टोकाला लावावी. चांगल्या स्विचवर हे माप ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत राहते. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसला, आणि पाच-दहा मिनिटांत स्विच हाताला गरम लागू लागला, तर तो बदलावाच.

अर्ध्या व्होल्टचे एवढे काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने कमी होतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. आंबोली किंवा गगनबावड्याच्या घाटात श्रावणातल्या धुक्यात डिपरवर गाडी चालवताना हा फरक फार मोठा असतो.

साहित्य आणि खरेदी

लागणारे साहित्य थोडे आहे: दोन-तीन मापांचे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर, लांब टोकाची पक्कड, एक दाभण, वायर सोलण्याचे व थिंबल (वायरच्या टोकावर बसवायची धातूची टोपी) दाबण्याचे हत्यार, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, हीट श्रिंक नळी (तापवल्यावर आकसून वायरवर घट्ट बसणारी), चिकटपट्टी आणि डोक्याला बांधायची बॅटरी. डॅशबोर्डखाली पाठीवर पडून दोन्ही हातांनी काम करायचे असल्यामुळे या शेवटच्या वस्तूची किंमत तिथे गेल्यावर कळते.

स्विच मात्र निवडून घ्यावा लागतो. हिंदुस्तान मोटर्सने अ‍ॅम्बॅसॅडर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बनवली आणि तिचा मूळ आराखडा मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेचा असल्याने जुन्या आवृत्त्यांत ब्रिटिश पद्धतीचा, दोन टप्प्यांत बाहेर खेचायचा स्विच आढळतो. पहिल्या टप्प्यावर पार्किंग, दुसऱ्यावर हेडलाइट. नंतरच्या आवृत्त्यांत रचना बदलली, आणि फियाट किंवा प्रीमियर पद्मिनीच्या घराण्यात दिव्यांचा काही कारभार स्टिअरिंगखालच्या काडीकडे असतो. या लेखात खेचायचा स्विच धरून सांगितले आहे. मोजण्याची आणि जोडण्याची रीत इतरांनाही लागू पडते, उघडण्याची रीत तेवढी वेगळी असते.

रत्नागिरी, चिपळूण किंवा कणकवलीच्या दुकानांत असा स्विच सहज मिळेलच असे नाही. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर जुन्या सुट्या भागांची दुकाने आहेत. तिथे जाणाऱ्या माणसाबरोबर फोटो पाठवून भागत नाही, जुना स्विचच काढून पाठवावा. न वापरलेला जुन्या साठ्यातला माल मिळाला तर तो घ्यावा, पण तोही वर्षानुवर्षे खोक्यात पडून कळंकलेला असू शकतो, म्हणून तपासूनच घ्यावा. हलक्या नकला पुष्कळ येतात. हातात घेतल्यावर स्विच पोकळ वाटला, टोके डगमगली किंवा दोन्ही टप्पे ठाशीव बसले नाहीत, तर पैसे वाचवण्याच्या नादात तो घेऊ नये.

जुनाच स्विच उघडून साफ करावा का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पत्र्याच्या कानांनी बंद केलेला स्विच कान अलगद उघडून साफ करता येतो, आणि स्पर्शबिंदूंवर फक्त काळसर थर असेल तर पॉलिश पेपरने तो निघतोही. परंतु स्प्रिंग एकदा तापून मऊ पडली असेल किंवा बेकेलाइटला तडा गेला असेल तर साफसफाई काही महिन्यांपुरतीच ठरते. इथे आणखी एक सूचना करणे भाग आहे. तांब्या-पितळेची भांडी आमसुलाने किंवा चिंचेने उजळतात हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असल्यामुळे तोच उपाय विजेच्या टोकांवर करणारे लोक आहेत. भांडे आपण खळखळून धुतो, स्विच तसा धुता येत नाही. आत राहिलेले आम्ल आणि हवेतली ओल मिळून पहिल्यापेक्षा वाईट कळंक चढवतात.

स्विच काढणे

काम उघडीप असलेल्या दिवशी, भरपूर उजेडात करावे. सर्वांत आधी बॅटरीची अर्थची वायर सोडवावी. जुन्या ब्रिटिश आराखड्याच्या कित्येक गाड्यांत हेडलाइटच्या वाटेवर फ्यूजच नसतो आणि स्विचपर्यंत येणारी वायर चावी बंद असतानाही जिवंत असते. तिचे टोक बॉडीला लागले तर वायरिंग पेटू शकते. अर्थची वायर आधी सोडवण्याचे कारण असे की पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. कोणता खांब अर्थचा आहे हे बॉडीला बांधलेल्या पट्ट्यावरून ठरवावे, रंगावरून नव्हे, कारण १९६० च्या दशकापर्यंतच्या काही ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. हाताची अंगठी व घड्याळ काढून ठेवावे.

खेचायच्या स्विचची मूठ फिरवून निघत नाही. तिच्या मानेला खालच्या बाजूने बारीक छिद्र असते आणि त्यात स्प्रिंगवर बसलेली पिन दिसते. मूठ पूर्ण बाहेर खेचून दाभणाने ती पिन आत दाबावी आणि त्याच वेळी मूठ सरळ ओढावी. खाऱ्या हवेने पिन अडकलेली असेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाकून अर्धा तास थांबावे. पक्कड लावून मूठ पिळली तर ती हमखास फुटते, आणि मूळ मूठ पुन्हा मिळणे स्विच मिळण्यापेक्षा अवघड आहे. मूठ निघाल्यावर डॅशबोर्डच्या दर्शनी बाजूचे खाचांचे गोल नट दिसते. पक्कडीच्या टोकांना कापड गुंडाळून ते सैल करावे, म्हणजे टोके घसरली तरी रंगावर ओरखडा उमटणार नाही. नट निघताना मागचा स्विच एका हाताने धरून ठेवावा आणि वायरना हिसका न देता तो हळूच खाली आणावा.

आता वायर सोडवण्याची घाई करू नये. आधी दोन-तीन बाजूंनी फोटो काढावेत, मग प्रत्येक वायरला चिकटपट्टीचे निशाण गुंडाळून त्यावर टोकाचा क्रमांक न पुसणाऱ्या शाईने लिहावा. साधी शाई घामाने पसरते. ब्रिटिश रंगपद्धतीत तपकिरी वायर बॅटरीकडून येणारी, निळी हेडलाइटसाठी डिपर स्विचकडे जाणारी, लाल पार्किंग व मागच्या दिव्यांची, आणि काळी अर्थची असते. डिपरच्या पुढे निळ्यावर पांढरी रेघ म्हणजे अप्पर आणि निळ्यावर लाल रेघ म्हणजे डिपर. मूळ वायरिंग शाबूत असेल तर ही माहिती उपयोगी पडते. मात्र पन्नास वर्षांत तीन-चार गॅरेजे पाहिलेल्या गाडीत हाती लागेल त्या रंगाची वायर जोडलेली असते, आणि तिथे आपला मीटर व आपली निशाणेच खरी मानावीत.

नवा स्विच तपासून बसवणे

बसवण्याआधी नवा स्विच टेबलावर तपासावा. मीटर सलगता दाखवणाऱ्या खुणेवर ठेवून एक सळई येणाऱ्या टोकाला लावावी: मूठ आत असताना कोणत्याही टोकाशी जोड दिसता कामा नये, पहिल्या टप्प्यावर फक्त पार्किंगच्या टोकाशी, आणि दुसऱ्या टप्प्यावर पार्किंग व हेडलाइट या दोन्ही टोकांशी तो दिसला पाहिजे. टोकांची जागा जुन्या स्विचसारखीच असेल असे गृहीत धरू नये. आकार सारखा आणि टोकांचा क्रम वेगळा, असे नकली स्विचमध्ये सर्रास आढळते.

वायरच्या टोकांवर वेळ खर्च करावा, कारण नवा स्विच जुन्या काळवंडलेल्या तारेवर आवळला तर काही महिन्यांत तीच तक्रार परत येते. खारी ओल तारांच्या मधल्या फटींतून रबराच्या आत सरकत जाते. टोक थोडे कापून सोलावे. तार लालसर चकचकीत दिसली तर ठीक, काळी-हिरवी दिसली तर आणखी मागे कापावे, आणि चार-पाच सेंटिमीटर मागे गेल्यावरही तांबे चमकत नसेल तर ती वायर पुढच्या जोडापर्यंत नवी टाकावी. हेडलाइटच्या मुख्य वायरसाठी अडीच चौरस मिलिमीटरची, अनेक बारीक तारांची वाहनांसाठी असलेली वायर घ्यावी. एकाच जाड तारेची घरगुती वायर धक्क्यांनी तुटते. टोकाला थिंबल नीट दाबून बसवावे आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी तापवून चढवावी. डाग देणारे (सोल्डरिंग करणारे) कारागीर आपल्याकडे तत्पर असतात, पण डाग दिलेली तार कडक होऊन त्याच्या कडेलाच मोडते, आणि डागासाठी वापरलेली आम्लयुक्त पेस्ट नंतर तांबे खात राहते. कापडी किंवा प्लॅस्टिकची इन्सुलेशन टेप इथल्या दमट हवेत चिकट होऊन सुटते, म्हणून ती मुख्य आवरण म्हणून वापरू नये.

सगळी टोके जोडून झाल्यावर प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहावी, स्विच भोकात सरकवावा, नट आवळावे, आणि मूठ पिन टक्कन बसेपर्यंत ढकलावी. बॅटरी लगेच जोडू नये. अर्थचा खांब आणि सुटलेली अर्थची वायर यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा एक बल्ब धरावा, आणि त्या वेळी गाडीतले सर्व काही बंद व दारे मिटलेली असावीत. बल्ब झगझगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे असे समजून मागे जावे; पेटला नाही तरच वायर खांबाला जोडावी. मग दोन्ही टप्पे, अप्पर आणि डिपर तपासावे, दहा मिनिटे हेडलाइट चालू ठेवून स्विचच्या मागच्या बाजूस बोट लावावे, आणि व्होल्टेजचे आधी घेतलेले माप पुन्हा घ्यावे.

स्विचवरचा भार उतरवणे

नवा स्विचही उद्या त्याच हवेत काम करणार असल्यामुळे त्याच्यावरचा भार रिलेवर (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचवर) टाकणे मी आवश्यक मानतो. चार टोकांचे दोन साधे रिले घ्यावेत, एक अप्परसाठी आणि एक डिपरसाठी, म्हणजे एक बंद पडला तरी दुसऱ्यावर घर गाठता येते. डिपर स्विचकडून बल्बकडे जाणारी जुनी वायर रिलेच्या ८६ क्रमांकाच्या टोकाला जोडावी, ८५ अर्थला; ३० क्रमांकाला थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळच बसवलेल्या १५ अँपिअरच्या फ्यूजमधून, नवी जाड वायर आणावी; आणि ८७ वरून दोन्ही बल्बकडे वायर न्यावी. रिलेच्या वेटोळ्याला पाव अँपिअरही लागत नाही, त्यामुळे डॅशबोर्डवरच्या स्विचला दहा अँपिअरचा भार वाहावा लागत नाही. धन टोक बॉडीला असलेल्या गाडीत आतमध्ये डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले वापरू नये.

रिले इंजिनच्या कप्प्यात उंच जागी, टोके खाली येतील अशा रीतीने बसवावेत, म्हणजे पाणी आत साचत नाही. मूळ रूप जपण्याचा हट्ट असणाऱ्यांनी ते बॅटरीच्या आडोशाला लपवावेत. तो हट्ट मला समजतो, पण मासे वाहणाऱ्या टेम्पोंतून गळणारे बर्फाचे खारे पाणी ज्या रस्त्यांवर सांडते तिथे रात्री गाडी चालवणाऱ्याने दिव्यांच्या बाबतीत तो फार ताणू नये. ९० किंवा १०० वॅटचे बल्ब बसवण्याचा मोह मात्र रिले असले तरी टाळावा: दोन बल्ब मिळून पंधरा ते सतरा अँपिअर घेतात, जुना डायनॅमो मंद गतीला तेवढे देऊ शकत नाही, आणि समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

शेवटी घट्ट केलेल्या बोल्टांवर आणि बॅटरीच्या खांबांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. गाडी उभी राहणार असेल तर घरी असलेल्या माणसाकडून महिन्यातून एकदा बॅटरी जोडून हेडलाइटचा आणि डिपरचा स्विच दहा-पंधरा वेळा चालू-बंद करवून घ्यावा. गुहागर किंवा मुरूडच्या पुळणीवर गाडी नेली असेल तर घरी आल्यावर खालचा भाग आणि हेडलाइटच्या मागचे कोनाडे गोड्या पाण्याने धुवावेत, आणि ते सुकल्यावर अर्थिंगचे बोल्ट पुन्हा पाहावेत. मीटरवर अर्थिंगचे माप ०.२ व्होल्टच्या वर गेले की बोल्ट उघडण्याची वेळ झाली, मग दिवे कितीही लख्ख दिसत असोत.